गल्ल्यावरचा देव

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या शहापुरातल्या कापडाच्या दुकानात नव्या वहीच्या पहिल्या पानावर वडील कुंकवाच्या बोटाने ‘श्री’ काढीत. त्याखाली तिथी, वार आणि ‘श्री पांडुरंग प्रसन्न’. मग गल्ल्याला हळदकुंकू, गजाला फूल, कात्रीला फूल आणि शेवटी कामाला असलेल्या प्रत्येकाच्या हाती लाह्या-बत्तासे व पगाराखेरीज एक पाकीट. लहानपणी मला वाटे, घराला देव असतो तसा दुकानालाही असतो. आमचे दुकान हिंदू आहे, त्यातही वारकरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्या वेळी दुकानात सहा माणसे कामाला होती आणि त्यांतले दोघे मुसलमान व एक ख्रिस्ती होता, ही गोष्ट त्या समजुतीच्या आड कधी आली नाही.

दुकानाला धर्म असतो का, की तो फक्त दुकानदाराला असतो? हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळला. तो माझ्यापुढे नीट उभा राहिला तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, आणि तोही आकाशकंदिलाच्या कागदापायी.

२०१५ च्या दिवाळीत मी तिकडे मुलीकडे होतो. नातवंडांना घरी कंदील करून दाखवावा म्हणून रंगीत कागद, काड्या आणि डिंक हवा होता. बेत ठरला रविवारी. मुलगी म्हणाली, “अप्पा, हे सगळं एकाच दुकानात मिळेल, पण आज नाही. रविवारी ते कधीच उघडत नाहीत.” बाजार आठवड्याचे सातही दिवस चालू असणाऱ्या त्या देशात कोणी एक दुकानदार आपल्या देवासाठी रविवारची विक्री सोडतो, हे ऐकून मला बरे वाटले. आषाढी-कार्तिकीला आमच्याही दुकानाच्या फळ्या बंद असत. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. लोकर, मणी, चित्रांच्या चौकटी, कापडी फुले, रंग, शिवणाचे सामान, सगळे रांगेने मांडलेले. वर मंद सुरात भजनांच्या चाली वाजत होत्या. ख्रिस्ती भजने असली तरी भजनेच ती. कागद मिळाला, कंदील झाला. रात्री जावई म्हणाले, “अप्पा, या दुकानाने गेल्या वर्षी सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. देश अजून त्यावर भांडतो आहे.”

दुकानांच्या त्या साखळीचे नाव हॉबी लॉबी. तिचे संस्थापक डेव्हिड ग्रीन हे एका गरीब धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९७० साली ६०० डॉलरचे कर्ज काढून त्यांनी घरातच छोट्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला आणि १९७२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत ३०० चौरस फुटांचे पहिले दुकान थाटले. खटल्याच्या वेळी दुकाने ५०० च्या घरात आणि नोकर १३,००० च्या वर होते. कंपनीचे भाग शेअरबाजारात नाहीत. सारी सूत्रे कुटुंबाच्या हाती. बायबलच्या तत्त्वांप्रमाणे धंदा करून परमेश्वराचा मान राखावा, हे कंपनीच्या उद्देशपत्रातच लिहिलेले आहे. दारूच्या प्रसाराला हातभार लागेल असा व्यवहार ते करीत नाहीत. रविवार पाळण्याने दरवर्षी काही दशलक्ष डॉलरची विक्री बुडते, हे त्यांना ठाऊक आहे. नोकरांच्या पगारातही हात आखडता नाही: २०२२ च्या आरंभी त्यांनी पूर्णवेळ नोकराचे किमान वेतन ताशी १८.५० डॉलर केले, तेव्हा केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन ७.२५ डॉलर होते. हे सारे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते दांभिक माणसाविषयी आहे अशी समजूत होऊ नये. दांभिकाचा प्रश्न सोपा असतो. प्रामाणिक माणसाचा अवघड.

आता खटला. २०१० साली अमेरिकेत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. मोठ्या मालकांनी नोकरांचा विमा उतरवायचा आणि त्या विम्यातून स्त्रियांना सरकारमान्य संततिनियमनाची साधने वेगळा पैसा न घेता मिळायची, असा नियम त्याखाली आला. अशा २० साधनांपैकी १६ साधनांना ग्रीन कुटुंबाची हरकत नव्हती. उरलेल्या चारांना होती: दोन प्रकारच्या तातडीच्या गोळ्या आणि तांबीसारखी गर्भाशयात बसवण्याची दोन साधने. ही साधने फलित बीज रुजू देत नाहीत, म्हणजे जीव घेतात, आणि आपण त्यांचा पैसा भरला तर त्या पापात आपला वाटा होतो, असे त्यांचे म्हणणे. नियम मोडून अपुरा विमा दिला तर दंड दिवसाला सुमारे १३ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४७.५ कोटी. विमाच काढून टाकला तर वर्षाला सुमारे २.६ कोटी डॉलर.

३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी १९९३ साली झालेल्या कायद्याचे संरक्षण मूठभर लोकांच्या हाती असलेल्या अशा कंपनीलाही आहे, सबब तिच्यावर ही सक्ती करता येणार नाही. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांचे; विरोधी मतपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. श्रद्धा शास्त्राला धरून आहे की नाही हे न्यायालयाने पाहिले नाही. ती प्रामाणिक आहे एवढेच पाहिले. (पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांतल्या एका गोळीच्या माहितीपत्रकात दुरुस्ती केली आणि ती बीज रुजण्यात अडथळा आणत नाही असे स्पष्ट केले.)

हे ऐकताना मला आपल्याकडच्या कायद्याची आठवण झाली. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. १९२५ साली मल्लिक घराण्याच्या देवाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तसे स्पष्ट म्हटले. देवाच्या नावावर जमीन असते, देव फिर्याद लावतो, देवावर फिर्याद होते. पण देव स्वतः बोलत नाही हे आपला कायदा विसरलेला नाही. म्हणून देवाला तो अज्ञान बालकासारखे मानतो आणि देवाच्या वतीने बोलणाऱ्या, त्याची मिळकत सांभाळणाऱ्या वहिवाटदारावर नजर ठेवतो. अमेरिकेत कंपनीला धर्म मिळाला. कंपनीही बोलत नाही, उपास करीत नाही, देवळात जात नाही. तिच्या वतीने कोणीतरी बोलते. न्या. अलिटो म्हणतात, कंपनी म्हणजे माणसांनी आपले हेतू साधण्यासाठी घेतलेले रूप. तिचा हक्क जपणे म्हणजे त्या माणसांचा हक्क जपणे. हे पटण्यासारखे आहे. ही माणसे कोण हे सांगताना निकालपत्रात मालकांबरोबर नोकरांचाही उल्लेख येतो. पण कंपनीची श्रद्धा कोणती हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा ग्रीन कुटुंबातल्या पाच जणांची श्रद्धा मोजली गेली. १३,००० माणसांच्या मनात कोणता देव आहे हे कोणी विचारले नाही.

इथे मला थांबावे लागते. दुसऱ्याच्या गल्ल्यावरच्या देवाची चौकशी करणाऱ्याने आधी आपला गल्ला उघडावा.

माझे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, माळकरी होते. कापड मोजताना त्यांनी ते गजावर कधी ताणले नाही. एकादशीला दुकान बंद म्हणून कोणाचा पगार कापला नाही. ऐन लग्नसराईत एकादशी आली तरी फळी उघडली नाही. त्यांचा एक अलिखित नियम होता: दुकानात सामिष आणायचे नाही. ख्रिस्ती गुमास्ता जवळच राहत असल्याने जेवायला घरी जाई. दोघा मुसलमानांपैकी वयाने मोठे होते ते दिवसातून एकदाच, रात्री, घरी जेवत. राहिला तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्याच्या डब्यात कधी अंडे असे, कधी मटण. बहुतेक दिवस वांग्याची भाजी आणि भाकरीच असे. पण आज काय आहे हे रोज कोण विचारणार? म्हणून त्याचा डबा रोजच मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीजवळ उघडत असे. बाकीचे माळ्यावर सतरंजीवर बसत. बेळगावचा पाऊस वाचकांना सांगायला नको. जून लागला की चार महिने आकाश फाटलेले असते. तो मुलगा भिंतीला पाठ लावून, वळचणीखाली उभ्याने जेवत असे.

मी तेव्हा तेरा वर्षांचा असेन. एकदा अण्णांना विचारले, “त्याला आत का नाही बसू देत?” ते म्हणाले, “दुकान पांडुरंगाचं आहे.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा तागा उलगडू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तुच्छता तर नव्हतीच. पांडुरंगाचे दुकान म्हटल्यावर विचारायला काही उरले नाही असे मला वाटले, आणि त्यांनाही वाटले असणार.

अण्णांच्या मागे गादीवर मी बसलो. माझ्या गळ्यात माळ नव्हती. महिन्या-दोन महिन्यांतून कॅम्पातल्या एका हॉटेलात जाऊन मी आम्लेट खात असे. तरी डब्याचा नियम मी अकरा वर्षे तसाच चालवला. का, असे विचाराल तर खरे उत्तर एवढेच की तो मोडायला मला काही कारण नव्हते. भिजत मी नव्हतो. ग्रीन यांची श्रद्धा खरी होती, अण्णांची खरी होती. माझ्याजवळ नुसता नियम उरला होता, आणि त्याला मी ‘वडिलांची शिस्त’ म्हणत असे. शेवटी एका आषाढात आईनेच सुताराला बोलावून मागच्या दारावर पत्रा ठोकून घेतला आणि खाली एक बाकडे टाकले. नियम मोडला नाही, पत्रा मात्र आला. त्या दिवशी आपण फार उदार आहोत असे मला वाटले होते.

बऱ्याच वर्षांनी तो गृहस्थ, आता आजोबा झालेला, बाजारात भेटला. अण्णांचा विषय निघाला. “अण्णा देवमाणूस होते हो, दादा. पगार कधी एक दिवस पुढं गेला नाही,” तो म्हणाला. मग हसत म्हणाला, “पावसात मात्र डबा भराभर आवरावा लागायचा. भाकरी भिजायची.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी चहा पाजला, घरी आलो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या रात्री एक गोष्ट कळली. आषाढीला दुकान बंद ठेवण्याची किंमत अण्णा भरत. डब्याच्या नियमाची किंमत तो मुलगा भरी. देव एकच, दुकान एकच. पण पावत्या दोन वेगवेगळ्या नावांवर फाटत होत्या. एक अण्णांचे व्रत होते. दुसरा होता मालकाचा अधिकार, आणि त्याने व्रताचे वस्त्र पांघरले होते म्हणून तो आम्हाला ओळखू आला नाही.

आता पुन्हा हॉबी लॉबीकडे पाहू. रविवारची विक्री सोडणे हे ग्रीन यांचे व्रत. पावती त्यांच्या नावावर, आणि नोकराच्या पदरात एक हक्काचा विसावा. चार साधनांची पावती कोणाच्या नावावर? न्या. गिन्सबर्ग यांनी नेमके इथे बोट ठेवले. तांबीसारखे साधन बसवण्याचा खर्च किमान वेतनावरच्या स्त्रीच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा होतो, हे त्यांनी आपल्या मतपत्रात लिहिले. मालकाची श्रद्धा न मानणाऱ्या हजारो स्त्रियांवर त्या श्रद्धेचा भार पडतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

बहुमताने याला उत्तर दिले होते, आणि ते अप्रामाणिक नव्हते. ते म्हणाले, चर्चशी जोडलेल्या रुग्णालयांना, शाळांना सरकारने आधीच एक वाट करून दिली आहे: संस्थेने हरकत कळवायची, मग विमा कंपनीने ती साधने परस्पर पुरवायची, संस्थेचा पैसा नाही, स्त्रीचाही नाही. तीच वाट या कंपन्यांना द्या, म्हणजे कोणाचेच नुकसान नाही. थोडक्यात, मागच्या दारावर पत्रा ठोका. जुलै २०१५ मध्ये सरकारने तसा नियम केलाही.

पण पत्र्याची गोष्ट तिथे संपली नाही. हरकत कळवण्याचा कागद भरणे हेही पापाला हात लावणेच, असे म्हणत काही धार्मिक संस्था न्यायालयात गेल्याच होत्या. पत्रा ठोकायला आमची भिंतसुद्धा वापरू नका, असा त्याचा अर्थ. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाचा निकाल न देता ती प्रकरणे खालच्या न्यायालयांकडे परत पाठवली. २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर सूट पुष्कळ रुंद झाली; मालकाला हवे तर तो ती वाटही नाकारू शकेल असे ठरले; आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसे करण्याचा अधिकार आहे असा निर्णय दिला. सवलतीने ठोकलेला पत्रा सवलतीनेच निघतो. माझ्या आईने ठोकलेला पत्रा उद्या मी काढला असता, तर त्या मुलाने कोणाकडे दाद मागितली असती?

यावर कोणी म्हणेल, मग दुकानदाराने आपला विवेक घरी खुंटीला टांगून दुकानात यावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. ‘धंदा म्हणजे धंदा’ असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण नावे ठेवतो. भेसळ न करणारा, दारू न विकणारा, काटा न मारणारा दुकानदार कुठल्या तरी श्रद्धेच्याच बळावर नफा सोडत असतो. ती श्रद्धा दुकानाच्या उंबऱ्याबाहेर काढली तर आत फक्त गल्ला उरेल. आणि सरकारने माणसाच्या मनात शिरून सक्ती करू नये, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना तरी कोणी शिकवायला नको. पाटीवरची अक्षरे कोणत्या भाषेत आणि केवढी असावीत यावरून आमच्या बाजारपेठेने काय काय पाहिले आहे!

ज्या १९९३ च्या कायद्यावर ग्रीन कुटुंब जिंकले, त्याचा जन्मही मोठ्यांसाठी झाला नव्हता. ऑरेगॉन राज्यात दोघांनी आदिवासींच्या चर्चमधल्या विधीत पेयोटी नावाच्या निवडुंगाचे सेवन केले. ते धर्मविधीचा भाग असले तरी कायद्याने निषिद्ध होते. त्यांची नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला: सर्वांना सारखा लागू असलेला नियम एखाद्याच्या धर्माला जाचत असला तरी त्याने तो पाळला पाहिजे. यावर देशभर हळहळ झाली. डावे-उजवे, नाना पंथांचे लोक एकत्र आले आणि १९९३ चा कायदा झाला. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ९७ मते पडली, विरुद्ध तीन. दोन बेकार माणसांच्या प्रकरणातून जन्मलेला तो कायदा एकवीस वर्षांनी शेकडो दुकानांच्या मालकाच्या कामी आला. कायदा तोच, फक्त त्याच्या आडोशाला उभा असलेला माणूस या वेळी कोणाचा तरी मालकही होता.

मला वाटते, सारा घोटाळा इथे आहे. एकच माणूस एकाच वेळी लहान असतो आणि मोठाही असतो. वॉशिंग्टनच्या सरकारपुढे ग्रीन कुटुंब लहान होते, आणि दिवसाला १३ लाख डॉलरच्या दंडाखाली कोणालाही आपण लहान आहोत असेच वाटणार. पण त्याच क्षणी गल्ल्यावर उभ्या असलेल्या विक्रेतीपुढे ते मोठे होते. सरकारपुढे मी अल्पसंख्य आहे. माझी भाषा, माझी पाटी, माझ्या मुलांची शाळा यांसाठी मी अर्ज घेऊन उभा असतो. पण गादीवर बसलो की मी बहुसंख्य, आणि बोळात उभा असलेला तो मुलगा अल्पसंख्य. वर पाहून आपण न्याय मागतो तेव्हा तो मनापासून मागतो. मान खाली वळवून पाहण्याची मात्र सवय नसते. आपल्यावर अन्याय होतो आहे ही जाणीव माणसाला आपल्या हातून होणाऱ्या अन्यायाबाबत आंधळे करते. मी जवळून पाहिले आहे, कारण तो आंधळा मीच होतो.

श्रद्धा खरी असली म्हणजे नजर साफ असते असेही नाही. त्याच कंपनीची दुसरी हकीकत याची साक्ष देते. बायबलच्या काळातल्या वस्तूंचा मोठा संग्रह करावा, जगाला दाखवावा, या ध्यासाने ग्रीन घराण्याने जुन्या वस्तू विकत घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०१० मध्ये १६ लाख डॉलर देऊन ५,५०० हून अधिक वस्तू घेतल्या. त्यांत प्राचीन इराकमधल्या कोरीव मातीच्या पाट्याही होत्या. हा माल लुटीचा असू शकतो असा इशारा कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाने आधीच दिला होता. तरी पैसे सात वेगवेगळ्या खात्यांवर गेले आणि मातीच्या लाद्या, नमुने अशा चिठ्ठ्या लावलेली पुडकी अमेरिकेत आली. २०१७ साली सरकारी दावा तडजोडीने मिटला: ३० लाख डॉलर भरायचे आणि माल सोडून द्यायचा. २०१८ मध्ये सुमारे ३,८०० वस्तू इराकला परत गेल्या. २०१४ साली सुमारे १६.७ लाख डॉलरला घेतलेली गिल्गमेश महाकाव्याची सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीची पाटीही जप्त झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इराकच्या हवाली केली गेली. याच संग्रहावर उभे राहिलेले बायबल संग्रहालय वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबर २०१७ ला उघडले. तिथे असलेले मृत समुद्राजवळच्या हस्तलिखितांचे १६ तुकडे सगळेच बनावट असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. आम्ही या क्षेत्रात नवखे होतो, चुकलो, अशा अर्थाची कबुली कंपनीने दिली.

आपल्या पैशाने चार साधने घेतली जाऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारे हे लोक. आपला पैसा शेवटी कोणाच्या हाती जातो याची इतकी बारीक चौकशी जगात क्वचितच कोणी केली असेल. पण वस्तू धर्मग्रंथाच्या काळातली म्हटल्यावर ती चौकशी ढिली पडली. दहा आज्ञांत चोरीलाही मनाई आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? होते. पण देवासाठी घेतो आहोत म्हटल्यावर ज्याचे आहे तो दिसेनासा झाला. इराकी माणूस त्यांच्या बोळात उभा होता. न्यायालयात खटला चालू असताना कंपनीच्या निवृत्तिनिधीचा पैसा तीच साधने बनवणाऱ्या औषध कंपन्यांत गुंतलेला असल्याचेही २०१४ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. याला मी ढोंग म्हणणार नाही. कॅम्पातल्या आम्लेटची गोष्ट मी वर सांगितलीच आहे. माणूस आपला विवेक ज्या खिडकीतून पाहायची सवय असते त्याच खिडकीत उभा करतो. बाकीच्या खिडक्या बंद असतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डेव्हिड ग्रीन यांनी जाहीर केले की कंपनीची मालकी आपण सोडली आहे. आपण मालक नव्हतोच, देवाच्या मिळकतीचे कारभारी होतो. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत वाढलेल्या आपल्या पिढीला हे ऐकून आदर वाटावा, आणि मलाही वाटला. आपल्या नातवंडांनी आयत्या पैशावर लोळू नये म्हणून कमावलेले सोडणारे थोडेच. पण अण्णांचे वाक्यही तेच होते: दुकान पांडुरंगाचे आहे. वाक्य नम्र आहे. मात्र दुकान पांडुरंगाचे म्हटल्यानंतरही किल्ल्या कडोसरीलाच राहतात, आणि पांडुरंगाला काय आवडते हे किल्ली ज्याच्याजवळ तोच सांगतो. मालक ‘मला वाटते’ म्हणाला तर नोकर निदान मनात वाद घालू शकतो. मालक ‘देवाला वाटते’ म्हणाला की त्याला मनातही वाद घालता येत नाही. म्हणून देवाच्या नावाने चालणाऱ्या दुकानात जास्त विचारपूस हवी. देवाच्या मिळकतीच्या वहिवाटदारावर आपला कायदा नजर ठेवतो त्याच कारणाने.

मग नियम काय करावा? न्यायाधीशांची नऊ डोकी जिथे पाच आणि चार अशी विभागली गेली तिथे कापडवाल्याने कायदा सांगू नये. स्वतःपुरते मी एवढे ठरवले आहे: माझ्या श्रद्धेपायी मला काही सोडावे लागत असेल तर ती श्रद्धा मी दुकानात आणीन, दुसऱ्याला सोडावे लागत असेल तर आधी त्याला विचारीन. आणि तो ‘चालतंय हो, दादा’ म्हणाला तरी ते शब्द पगार देणाऱ्याला उद्देशून आहेत, हे विसरणार नाही.

दुकान आता मुलगा पाहतो. माळ्यावर टेबल-खुर्च्या आहेत आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे कोणी विचारीत नाही. ठराव करून नियम काढला असे झाले नाही. मुलाला तो असल्याचेच ठाऊक नव्हते. मी त्याला तो सांगितला नाही, एवढेच माझे कर्तृत्व. मागच्या दारावरचा पत्रा गंजला आहे. काढून टाकू का, असे मुलाने यंदा गणपतीच्या आधी विचारले. मी म्हटले, राहू दे.

लक्ष्मीपूजनाला मी अजून जातो. वहीवर ‘श्री’ मीच काढतो. हात थरथरतो, पण अक्षर ओळखू येते. त्याखाली ‘श्री पांडुरंग प्रसन्न’ लिहिताना मात्र आता क्षणभर थांबतो. पांडुरंग प्रसन्न आहे की नाही हे मी ठरवायचे नाही, आणि ज्यांना विचारायला हवे होते त्यांतले पुष्कळ जण आता राहिले नाहीत.